मामाचं तिकीट

एका मे महिन्यात मी शेकडो पोरांना एकच प्रश्न विचारला. मामाच्या घरी म्हशी किती? पटकन उत्तर देईल ते खरं भाचरू, सोबतच्या माणसाच्या तोंडाकडं बघेल ते खोटं, अशी माझी परीक्षा. मी फाटकावर असायचो, हातात तिकिटांचं पुस्तक, गळ्यात शिट्टी. नोकरीच होती ती. तरी त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते, आणि नेमकी कशाची वाटते ते धड सांगता येत नाही. सांगायला गेलं की दोन गोष्टी एकमेकींत अडकतात. एक गोष्ट मी चोरली असं मी धरून चाललोय, पण ती चोरी होती का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दुसरी मी नक्की केली आणि ती घरात कुणाला सांगितली नाही. पहिल्या गोष्टीपायी माझी मोठी बहीण कितीतरी वर्षं आपल्या नवऱ्याला घालूनपाडून बोलत राहिली. मी समोर बसून ऐकत राहिलो.

क्रमानं सांगतो, म्हणजे निदान क्रम तरी चुकायचा नाही.

आमचं घर वडगाव निंबाळकरला. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला इंदापूर तालुक्यात निरवांगीला दिलेली. नव्वदीची मधली वर्षं. मी दूध संकलन केंद्रावरचं दुधाचं फॅट मोजायचं काम सोडून सांगवीजवळ तात्यांकडं लागलो होतो. तात्यांचा कालव्याच्या कडेला ढाबा होता. ढाब्यामागं त्यांनी पोरांसाठी एक घसरगुंडी आणि दोन झोके टाकले, तर लोक जेवण झालं तरी उठेनात, कारण पोरं हलायला तयार नसत. तात्यांनी ते हेरलं आणि पुढच्या वर्षी मागचा दोन एकर ऊस मोडून तिथं पार्क काढला. टीव्हीवर तेव्हा मुंबईकडच्या पाण्याच्या पार्कांच्या जाहिराती लागायच्या आणि पोरं घरच्यांच्या मागं लागायची. मुंबईला कोण नेतंय? सांगवीला मात्र बारामतीहून माणसं भरली की निघणारी वडापची जीप सुटायची.

पार्कात जे होतं ते बहुतेक शेतीतूनच आलेलं. झुकझुक गाडी म्हणजे लहान ट्रॅक्टरवर पत्र्याचं इंजिन चढवून मागं तीन डबे. पावसात नाचायची जागा म्हणजे तुषार सिंचनाचे फवारे उंच पाइपांवर उलटे बांधलेले. वीज असेतोवर पाऊस, वीज गेली की साबण लावल्यावर नळ जावा तशी पोरं जागच्या जागी उभी. तरी लोकांना आवडायचं. मे महिन्यात घरोघर पाहुणे, त्यांना न्यायचं कुठं हा प्रश्नच असायचा.

दाजी, म्हणजे अक्काचे मालक, पहिल्याच उन्हाळ्यात बघायला आले. दाजी बोलका माणूस. एसटीत शेजारी बसलेल्याला उतरायच्या आत घरातल्या सोयरिकीपर्यंत सगळं सांगून मोकळे व्हायचे. त्यांनी भेळ खाल्ली, पार्काला तीन फेऱ्या मारल्या, घसरगुंडी वितीनं मोजली आणि जाताना मला म्हणाले, "आमच्याकडं तर नदी हाय." पुढच्या उन्हाळ्यात निरवांगीला नीरेच्या काठी त्यांचा पार्क उभा होता. गूळ करायच्या जुन्या काहिलीला चारी बाजूंनी ट्रकच्या ट्यूबा बांधून त्यांनी नाव केली होती. दोन माणसं कमरेइतक्या पाण्यातून ती ढकलायची.

तिथून चढाओढ लागली. त्या वर्षी पोरांना डायनासोरचं वेड होतं म्हणून तात्यांनी सिमेंटचा डायनासोर बांधला. दाजींनी हत्ती बांधला, सोंडेवरून घसरायचा. दोन्ही एकाच गवंड्यानं केले. तो देवळांपुढचे नंदी करणारा. डायनासोर त्यानं जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळं अंग सुसरीचं आणि चेहरा नंदीचा, फार सोशीक. दोघांचे बोर्डही बारामतीतला एकच पेंटर रंगवायचा. दोघांच्या लाउडस्पीकर लावलेल्या रिक्षांची बारामतीत एकाच चौकात गाठ पडायची. रिक्षावाले एका टपरीवर चहा प्यायचे आणि रिक्षा एकमेकींवर ओरडत उभ्या असायच्या.

मी या दोघांच्या मधे. तात्या विचारायचे, "तू माझा माणूस का त्याचा?" मी हसायचो. दाजी विचारायचे, तात्या औंदा काय नवीन काढतोय? तिथंही मी हसायचो. हसण्यावर दोन उन्हाळे निघाले.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर, एप्रिल संपता संपता, अक्का दोन दिवसांसाठी माहेरी आली. आईला कुरडया करायला मदत हवी होती. सकाळची वेळ, अंगणात खाटेवर धुतलेलं पातळ पसरलेलं, अक्का सोऱ्या दाबत होती आणि मी वाटीत गरम चीक घेऊन खात बसलो होतो. ती काळजीत होती. पार्क धड चालत नव्हता. औंदा चालला तर चालला, नाहीतर सासरे डाळिंब लावा म्हणून मागं लागले होते. पण तिच्याजवळ एक युक्ती होती आणि ती सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

"मे महिन्यात पोरं कुठं असत्यात? मामाकडं," ती म्हणाली. "आन खिशात हात कोण घालतो? मामा. मग आमी बोर्ड लावणार, मामाचं तिकीट काढा, भाचरं फुकट. एका मामामागं सात-आठ तरी भाचरं येत्यात. एकदा आत आली की भेळ, सरबत, गाडी, नाव. मामा न्हाय म्हणू शकतो व्हय?"

आई म्हणाली, मामा लोकांना घरदार सोडून पळावं लागंल. आम्ही तिघंही हसलो. मग अक्कानं माझ्याकडं बघून सांगितलं, कुणाला बोलू नगस. मी म्हणालो, मी कुणाला बोलतोय.

हे सकाळी. त्याच दिवशी संध्याकाळी मी तात्यांना सांगितलं.

का सांगितलं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नच गुळगुळीत झालाय. पगारवाढ मागायची नव्हती. दाजींचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. तात्या त्या दिवशी डायनासोरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि आम्हा कामगारांना झापत होते. गेल्या वर्षी माणसं कमी आली, तुमी नुसती तिकिटं फाडा, डोकं चालवायला तुमच्याकडं डोकं पायजे ना. बाकीचे पांगले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, तात्या, एक सुचलंय.

सुचलंय म्हणालो. ऐकलंय म्हणालो नाही.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं नवीन माणूस बघावा तसं बघितलं. "डोकं हाय की रं तुला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, बिडी विझवताना, "माझ्याबी मनात असंच कायतरी चाललं हुतं." मालक लोकांची ही सवयच असते, म्हणून मी त्या वाक्याकडं तेव्हा लक्ष दिलं नाही. घरी गेलो. अक्कानं वाढलेलं जेवलो आणि लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी अक्काला सोडायला बारामतीच्या स्टँडवर गेलो. तिची पिशवी माझ्या हातात, कुरडयांचा डबा तिच्या हातात. स्टँडसमोरच्या टपरीच्या भिंतीला एक बोर्ड टेकवून ठेवला होता. पिवळ्यावर तांबडी अक्षरं. मामाचं तिकीट काढा, भाचरं फुकट. खाली सांगवीचा पत्ता, बाजूला पटकेवाला मामा आणि त्याच्या मागं डायनासोरवर बसलेली पोरं.

अक्कानं डबा खाली ठेवला. बराच वेळ ती त्या बोर्डाकडं बघत होती. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघणार. तिनं बघितलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही, आणि हे मला जास्त लागलं.

"ह्यांचंच काम," ती म्हणाली. "परवा पेंटरकडं येऊन गेलं. तोंडाला कुलूप कसलं ते ठावं न्हाय या माणसाला. बोललं असतील चार माणसांत."

मी म्हणालो, "असंल."

तेवढंच म्हणालो. पुढं जे काही झालं त्यात मला हा एक शब्द सगळ्यात जड वाटतो.

एसटी गेल्यावर मी परत बोर्डापाशी आलो आणि अक्षरांवर बोट दाबून बघितलं. बोटाला रंग लागला नाही. वाळलेला होता. तेलाचा रंग, त्यात एवढं चित्र. मी तात्यांना सांगितलं काल सूर्य मावळताना. एका रात्रीत बोर्ड रंगतो, चित्र काढून होतं आणि वाळतोही? मी पेंटर नाही. पण घराच्या दाराला रंग दिलेला आहे, तो दोन दिवस हाताला लागत होता.

म्हणजे तात्यांना आधीच माहीत होतं का? दाजींनी परवा पेंटरला आपला बोर्ड सांगितला, पेंटरनं तो तात्यांच्या कानावर घातला, तात्यांनी लगेच आपला आधी करून घेतला, असंही असू शकतं. मग माझ्या सांगण्यानं काहीच बदललं नाही. मग मी डोकं हाय म्हणवून घेतलं ते फुकटच. पण मी सांगत होतो तेव्हा हे मला कुठं माहीत होतं? मी तर नवीनच म्हणून सांगत होतो. तात्यांना विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पेंटर तर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होता. मी दोघांनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

निरवांगीचा बोर्डही तयार झाला होता, पण आता तो लावला तर लोक म्हणणार सांगवीची नक्कल. दाजींनी घाईघाईत मामा खोडून तिथं आत्या घातली. आत्याचं तिकीट काढा, भाचरं फुकट. सगळ्यांना पटलं. मलाही ऐकून बरं वाटलं, की चला, त्यांचंही निघालं काहीतरी. पंधरा दिवस गेले तरी निरवांगीला कुणी फिरकेना. मग एक दिवस आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, आत्या मे महिन्यात कुठं असती? आपल्या भावाकडं. आन भावाची बायकापोरं? ती गेली बायकोच्या भावाकडं. आत्याची आन भाचरांची मे महिन्यात गाठच कुठं पडती?

खरंच होतं. सगळ्या तालुक्यातल्या बायका एकाच महिन्यात माहेरी निघतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही.

इकडं सांगवीला नुसता गोंधळ. बोर्ड लागल्यावर चार दिवसांत जो तो मामा झाला. नऊ पोरं आणि एक मामा अशा जीपा यायच्या. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला मामा करून आणलं आणि तो बिचारा हाताचं काळं पुसत पुसत पोरांची नावं पाठ करत होता. एकदा सत्तरीचे एक आबा आले, सोबत पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ. आबा म्हणाले, ह्यो माझा भाचा, बोर्डावर वय कुठं लिवलंय? खरोखरचे मामा-भाचे होते ते. मी तात्यांना विचारायला गेलो. तात्या चिडून म्हणाले, सोड दोघांस्नी, पर त्या भाच्याला झोक्यावर बसू देऊ नगंस.

म्हणून मग ती म्हशींची परीक्षा काढली. शहरातली पोरं मामाच्या घरी आली की पहिल्यांदा गोठ्यात जातात, म्हशींची त्यांना नावानिशी माहिती असते. खोटं भाचरू अडखळायचं. परीक्षा चांगली चालली. मला तिचा थोडा गर्वही होता.

एक पोरगी आठवते. आईचा हात धरून आली होती. मी सवयीनं विचारलं, मामाच्या घरी म्हशी किती. ती म्हणाली, "मला मामाच न्हाय." तिची आई खाली बघायला लागली. तिला भाऊ नसणार, किंवा असून नसल्यासारखा असणार. मी तिकिटाचं पुस्तक चाळत उभा राहिलो. मागच्या रांगेतून कुणीतरी दूधवाल्यासारखा दिसणारा माणूस म्हणाला, "मी हाय की. चल गं." आणि तिला घेऊन गेला. खोटा मामा होता, समोर दिसत होतं. मी अडवलं नाही. त्या महिन्यात मी केलेलं एवढंच एक बरं काम, आणि तेही केलं दुसऱ्यानं.

त्याच सुमारास डायनासोरची शेपूट पडली. सिमेंट हलकं होतं, वर दहा-दहा पोरं बसायची, पडणारच होती. पण तात्यांनी मनात घेतलं की दाजींनी माणसं पाठवून पाडली. निरवांगीचं कुणी फाटकात दिसलं तर मला हाक मार, असं त्यांनी मला बजावलं. दोन-तीन दिवस ते स्वतःच फाटकापाशी खुर्ची टाकून बसले आणि येईल त्या पोराला गाव विचारू लागले.

माझी भाची तेव्हा सहा-सात वर्षांची. पार्काच्या हंगामात अक्काला हलता यायचं नाही, पण भाचीला आजोळी पाठवलं होतं. रोज ती म्हणायची, मामा, तुझा पार्क दाखव. मी रोज उद्या म्हणायचो. तात्यांचा राग उतरेपर्यंत थांबू, असा माझा बेत. शेवटी शेजारचे काका आपल्या घरी आलेली भाचरं टेम्पोतून घेऊन निघाले, तेव्हा आईनं मला न विचारता आमचीलाही त्यात बसवलं.

टेम्पो थांबायच्या आधीच ती ओरडली, मामा! आणि उडी टाकून पळत माझ्यापाशी आली. डोक्याला दोन वेण्या, माझ्या आईनं लावलेली तांबडी रिबीन.

तात्या खुर्चीतून वळले. त्यांनी तिला गाव विचारलं. ती म्हणाली, निरवांगी.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "दाजीची का रं तुझ्या?"

"न्हाय तात्या," मी म्हणालो. "हितं समदीच पोरं मला मामा म्हणत्यात."

हे खोटं नव्हतं. फाटकावरच्या माणसाला सगळी पोरं मामाच म्हणायची. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून आलं. पण तात्या अजून बघत होते, आणि मी आणखी पुढं गेलो. मी तिला विचारलं, "मामाच्या घरी म्हशी किती?"

तिनं कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत म्हणाली, "दोन. एक गाभण हाय."

शेजारचे काका टेम्पोतून उतरून मागं उभे होते. ते मला लहानपणापासून ओळखत. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवून तात्यांना म्हणाले, माझीच भाची हाय, आन तिला आत घेऊन गेले. मी काकांचं एक तिकीट फाडलं. तात्या खुर्चीत मागं टेकले. दिवसभर ती आत होती. झुकझुक गाडीत बसली, फवाऱ्याखाली भिजली, दुरून मला दिसत होती. एकदाही फाटकाकडं आली नाही.

संध्याकाळी घरी मी म्हशीला पाणी पाजत होतो, तेव्हा ती दावणीपाशी येऊन उभी राहिली. "तितं तू मामा नसतोस व्हय?" तिनं विचारलं. रागानं नाही. शाळेच्या वेळेत शाळा असते आणि सुट्टीत नसते, तसं काही असेल, असं तिला वाटत असावं.

मी म्हणालो, तितं कामावर असतो. मग म्हणालो, घरी आईला सांगू नगस. तिनं मान हलवली. आणि तिनं सांगितलं नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीनं माझं झाकलं, मला सांभाळून घेतलं. पुढं दिवाळीला, सुट्टीला ती यायची, मामा म्हणायची, पण पार्काचं नाव तिनं कधी काढलं नाही. काकांनीही काढलं नाही. काका आता राहिले नाहीत.

त्या उन्हाळ्यानंतर निरवांगीचा पार्क मोडला. डाळिंबं लागली. हत्ती पाडायला कुणाला सवड झाली नाही, तो अजून बागेत उभा आहे, सोंडेखाली औषधाचे डबे आणि पाइपांची वेटोळी ठेवतात. तात्यांचाही पार्क पुढं दोन-तीन वर्षंच चालला. मग मोठ्या रस्त्यांवर मोठे पार्क झाले आणि मामा लोक गाड्या करून तिकडं गेले. मी परत डेअरीत लागलो.

एवढ्यावर मिटलं असतं. पण अक्काच्या तोंडी तो बोर्ड राहिला. घरात काही झाकून ठेवायची गोष्ट निघाली की ती म्हणायची, ह्यांना सांगू नगा, स्टँडावर बोर्ड लागंल. सोयरिकीची बोलणी, शेताची वाटणी, कुणाचं दुखणं, काहीही असो. पाहुण्यांत म्हणायची, पोरांपुढं म्हणायची. सगळे हसायचे. आधी दाजीही हसायचे. मग हळूहळू ते बोलायचेच कमी झाले. एसटीत शेजाऱ्याशी न बोलता खिडकीबाहेर बघत बसलेले दाजी मी पाहिले आहेत. वयानं झाले असतील, कोण जाणे. मी दर वेळी ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला जेवणाचा बेत चांगला असायचा.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र मला राहवेना. लग्नात मामाला पुढं व्हावं लागतं. दोन दिवस आधी दुपारी निरवांगीला अक्का ओसरीवर आहेराच्या साड्यांच्या घड्या लावत होती, दाजी शेजारी खुर्चीत बसून पत्रिकांवर नावं घालत होते. मी म्हणालो, अक्का, एक सांगायचंय. तो बोर्ड दाजींमुळं नव्हता. मी तात्यांना सांगितलं होतं.

"कुठला बोर्ड?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. कुरडया, चीक, डायनासोरची सावली, सुचलंय म्हणालो ते, असंल म्हणालो ते. वाळलेल्या रंगाचंही सांगितलं. ते सांगताना माझ्या लक्षात आलं की मी कबूलही करतोय आणि सुटकाही शोधतोय.

अक्का म्हणाली, ती युक्ती तिची नव्हतीच. पेंटरनंच ह्यांना सांगितली होती, असं असं लिहा म्हणून. दाजी पत्रिकेवरून मान वर न करता म्हणाले, पेंटर न्हाय, मीच पेंटरला म्हणालो हुतो. आणि मग, "आन तात्यालाबी मीच बोललो असंन. कालव्यावर गाठ पडली हुती त्या दिवसांत."

"बघ," अक्का मला म्हणाली, "तुझ्यासाठी आता खोटं बोलत्यात."

दाजी खोटं बोलत होते, की खरंच तात्यांना बोलले होते, की इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांनाच तसं वाटायला लागलं होतं, मला कळलं नाही. मी ज्याची चोरी केली ती वस्तू नेमकी कुणाची, हेच आता घरात कुणाला आठवत नव्हतं. अक्का उठून आत गेली. बराच वेळ लागला तिला. चहा घेऊन आली आणि पहिला कप दाजींपुढं ठेवला. एरवी पहिला कप पाहुण्याला असतो, म्हणजे मला. यातून काय समजायचं? काहीच नसेलही. पण तो बोर्ड मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही, हे खरं.

दुसरी गोष्ट मी सांगितली नाही. भाची घरातच होती, हाताला मेंदी लावून इकडून तिकडं फिरत होती. ती गोष्ट माझीही होती आणि भाचीचीही, तिला न विचारता अक्कापुढं कशी ठेवायची? असं मी स्वतःला सांगितलं. भित्रा माणूस कारणं चांगली शोधतो.

लग्नाच्या दिवशी मंडपात माईकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी खोलीत गेलो. तिथं दहा-बारा बायका, कुणी पदर नीट करतंय, कुणी पिन शोधतंय. भाची पाटावरून उठली. मी तिच्या कोपराखाली हात धरला आणि आम्ही निघालो. दारातून मंडपापर्यंत बरंच अंतर होतं आणि दोन्ही बाजूंना माणसं, पायांत पोरं. सगळे आमच्याकडं बघत होते. मधल्या वाटेत ती जरा थांबली, शालू पायांत आला असेल, आणि पुढंच बघत हळू आवाजात म्हणाली, "आता किती म्हशी हायत, मामा?"

"एकबी न्हाय," मी म्हणालो. "विकल्या."

ती हसली का, ते मला दिसलं नाही. तोंडावर मुंडावळ्या आल्या होत्या. ती चालायला लागली आणि मी तिच्याबरोबर चालायला लागलो. माझा हात तिनं काढून टाकला नाही. पण एवढ्या माणसांत ती तो काढणार तरी कशी?